वाकीकरांचं एकोणचाळिसावं पान

आमच्या कंपनीत साहेबाची बोलणी सगळेच खायचे, पण फ्रेंच बोलणी शुद्ध मराठीत खायचा मान फक्त असेंब्लीतल्या लोकांना होता. हा मान त्यांना मिळायचा तो मनोहर वाकीकरांमुळे.

कंपनी पिंपरीत, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. आम्ही हवेचे कॉम्प्रेसर बनवायचो आणि त्याचं सगळं शिक्षण फ्रान्समधून यायचं. ड्रॉइंगं फ्रेंचमध्ये, पुस्तकं फ्रेंचमध्ये, आणि वर्षा-दोन वर्षांनी एखादा साहेबही तिकडचाच. मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. मूळ ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून शाईनं ते उतरवून काढायचं, हे माझं काम. फ्रेंच शब्दांच्या जागी कोणते शब्द लिहायचे ते वाकीकर सांगायचे. ते कंपनीचे दुभाषे. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून होतं, त्यामुळे बारा-तेरा वर्षं मी हा माणूस हाताच्या अंतरावरून पाहिला.

बुटके, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला शाईचा एक कायमचा डाग. खुर्चीवर कधी पूर्ण टेकून बसायचे नाहीत. एखाद्या शब्दाला नेमका शब्द सापडला की उठून उभे राहायचे आणि जो कोणी पहिला दिसेल त्याला तो सांगायचे, मग तो चहावाला का असेना. मला पहिल्या महिन्यात हा माणूस अर्धवट वाटला होता. दुसऱ्या महिन्यात, ते उठले की मीही पेन खाली ठेवायला लागले.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलायचा. हळू, सपाट, एकही शब्द इकडचा तिकडं न करता. एकदा असेंब्लीत मारुती गव्हाणेनं सांध्यातलं गॅस्केट उलटं बसवलं. गव्हाणे मोशीचा, हात सोन्यासारखा, पण त्या दिवशी चुकला. फ्रेंच साहेब तापला आणि भडाभडा बोलला. वाकीकर हात मागे बांधून म्हणाले, "ते म्हणतात, तुझ्यापेक्षा आमच्या गावचं गाढव हुशार आहे."

सगळी असेंब्ली थांबली. गव्हाणे म्हणाला, "इचारा त्येला, मंग गाढवालाच का न्हाई आणलं? आमाला बी बघाय मिळालं असतं."

वाकीकरांनी त्याच सपाट आवाजात हे फ्रेंचमध्ये सांगितलं. साहेब लालबुंद झाला, मग पोट धरून हसला, आणि दोघांनी मिळून ते गॅस्केट सरळ केलं. नंतर फोरमननं वाकीकरांना बाजूला घेतलं. "अहो, जरा मऊ करून सांगायचं."

"मऊ करायचं असेल तर साहेबानं करावं. गव्हाणेनं करावं. दुभाष्यानं मधे यायचं नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. बाकी सगळ्या बाबतींत हा माणूस गोगलगाय, पण इथं कोणी हलवू शकत नव्हतं.

तर हे वाकीकर लेखक होते, आणि फ्रेंच भाषेतले लेखक होते. पुण्यात कॉलेजात जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून ते फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसले, इतकी साधी सुरुवात. पुढं कंपनीनं चार फिटर चौदा महिने फ्रान्सला पाठवले, त्यांच्याबरोबर दुभाषे म्हणून हे गेले. तिथं एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहिले. दुधाचा आणि धोब्याचा हिशेब सांगायला ते बाईंना चिठ्ठ्या लिहायचे. बाई त्या चिठ्ठ्या शेजाऱ्यांना वाचून दाखवायच्या. शेवटी एका शेजाऱ्यानं, तो गावातल्या शाळेत मास्तर होता आणि एक लहानसं मासिक काढायचा, यांना सांगितलं की चिठ्ठ्या पुरे, आता लेख लिहा.

पहिला लेख डब्यावर. आमच्या कॅन्टीनमधल्या जेवणाच्या डब्यावर. कोण डबा झाकून खातो, कोण उघडा ठेवतो, कोणाची बायको माहेरी गेली की डब्यात काय येतं, सगळं. दुसरा भोंग्यावर. असे सात-आठ लेख पिंपरीतून फ्रान्सला गेले आणि छापून आले. मासिकाच्या मास्तरांनी एकदा कळवलं की भाकरी म्हणजे काय, याची तळटीप द्यावी. वाकीकर उभे राहिले.

"शैलाबाई, त्यांच्या लेखकांनी त्यांच्या पावाची तळटीप मला कधी दिली? मी वाचत गेलो, मला कळला पाव. त्यांनाही कळेल भाकरी."

तळटीप दिली नाही. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी मुद्दाम भाकरी नेली. त्यांनी ती खाल्ली आणि डबा उघडाच ठेवला.

मग त्यांनी कादंबरी लिहायला घेतली. चिंचवडहून सायकलवर सकाळी सहालाच यायचे आणि भोंगा होईपर्यंत कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून लिहायचे. ही बातमी लपून राहणं शक्य नव्हतं. गव्हाणेनं एक दिवस त्यांना गाठलं. "आमच्याबद्दल लिव्हताय म्हनं. मंग आमाला कळाय नको व्हय?"

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत वाचन सुरू झालं. वाकीकर फ्रेंच वही हातात धरून तिथल्या तिथं मराठीत सांगत जायचे. आधी चार जण, मग दहा, मग शिफ्ट संपलेले लोकही थांबायला लागले. मीही डबा घेऊन तिथंच. आमच्याच कारखान्याची गोष्ट, नावं बदललेली, पण प्रत्येक जण स्वतःला ओळखायचा आणि नाही ओळखता आलं तर रुसायचा.

एकदा कादंबरीतला फिटर, मन अस्वस्थ झालेला, धावत जाऊन बंद कॉम्प्रेसरचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडतो, असं आलं. गव्हाणेनं घास खाली ठेवला.

"थांबा. हवा कधी सोडली त्यानं?"

"कसली हवा?"

"टाकीत प्रेशर हाय ना. आदी कॉक उघडून हवा सोडाय लागती. ह्यो तसंच हेड खोलतोय. मरंल त्यो राव. आन हिरोच मेल्यावर पुढची पानं कुनाची?"

लोक हसून हसून लोळले. वाकीकर हसले नाहीत. ते उभे राहिले आणि तडक असेंब्लीत गेले. गव्हाणेला कॉक उघडायला लावला, घड्याळ लावून हवा सुटताना ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी ते पान नवं होतं. आता फिटर कॉक उघडतो, हवा फुसफुसत बाहेर पडत राहते, आणि ती संपेपर्यंत त्याला थांबावंच लागतं. तेवढ्या वेळात तो आपल्या घरच्या माणसांचा विचार करतो. पुढं फ्रान्समध्ये ज्यांनी या पुस्तकावर लिहिलं, त्यांनी नेमकं हेच पान उचलून धरलं. वाकीकरांनी ते कात्रण गव्हाणेला नेऊन दिलं. गव्हाणेनं ते आपल्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. वाचताना वाकीकर मधेच चार-चार, पाच-पाच पानं एकदम उलटायचे. एके दिवशी मी सरळ विचारलं, "ती पानं कसली हो?"

त्यांनी आधी इकडं तिकडं पाहिलं. "घरातली," म्हणाले. "आप्पांची."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील, निवृत्त हेडमास्तर. चाकणच्या बाजूला सगळे त्यांना वाकीकर गुरुजी म्हणत. दुपारी शाळा सुटल्यावर अडाणी बायाबापड्यांना लिहायला शिकवायचे, त्यामुळे त्या बाजूच्या गावांत त्यांना फार मान. गव्हाणेच्या आईला सही त्यांनीच शिकवली होती, आणि हे गव्हाणे येता-जाता सांगायचा. बायको वारल्यावर आप्पा मुलाकडं चिंचवडला येऊन राहिले होते.

"तुम्ही मला विचारता ना, मराठीत का लिहीत नाही? मराठीत लिहायला बसलो की आप्पा लाल पेन्सिल घेऊन शेजारी येऊन बसतात. खरोखरचे नव्हे हो, मनातले. एक वाक्य पुरं होऊ देत नाहीत. फ्रेंचमध्ये त्यांना शिरता येत नाही. तिथं मी सगळं लिहिलंय. ते आहेत तोवर ती पानं मराठीत यायची नाहीत." मग घाईघाईनं म्हणाले, "त्यांना दुखवून मला लेखक व्हायचं नाही."

मी कोणाला काही बोलले नाही. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही अशी माझी ख्याती आहे, पण ही राहिली.

कादंबरी पुरी होऊन फ्रान्सला एका प्रकाशकाकडं गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तार आली. तार कंपनीच्या पत्त्यावर, मजकूर फ्रेंच, आणि वाकीकर नेमके टेस्टिंगला. तारेत वाईट बातमीच असते अशी आमची सगळ्यांची समजूत, त्यामुळे ऑफिसात धाबं दणाणलं. मी तार घेऊन टेस्टिंगकडं पळत सुटले. पदर खोचून पळणारी बाई कारखान्यानं तोवर पाहिली नव्हती, त्यामुळे माझ्यामागून आणखी वीस जण आले. वाकीकरांनी तार वाचली. हात मागे बांधले. आणि त्या सपाट, दुसऱ्याच्या आवाजात म्हणाले, "ते म्हणतात, आपली कादंबरी आम्हाला पसंत आहे. शरद ऋतूत छापत आहोत."

क्षणभर कोणालाच कळलं नाही की हे त्यांच्याचबद्दल आहे. त्यांनाही कळलं नसावं. मग गव्हाणेनं त्यांना उचललं. अक्षरशः उचललं, कॉम्प्रेसरच्या खोक्यावर उभं केलं, आणि मशिनांच्या आवाजात जो काही आरडाओरडा झाला तो आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. आमच्यातल्या एकालाही ते पुस्तक वाचता येणार नव्हतं, आणि आम्ही सगळे वेडे झालो होतो.

दिवाळीनंतर दहा प्रतींचं पार्सल आलं. आणि इथं आम्ही घोटाळा केला. आमच्याकडं कोणाचं काही चांगलं झालं की शाल, श्रीफळ, हार आणि प्रमुख पाहुणे हे ठरलेलंच. गव्हाणे आणि मंडळींनी कॅन्टीनमध्ये सत्कार ठरवला, पहिली शिफ्ट सुटते आणि दुसरी सुरू होते त्या वेळेला. पाहुणा कोण? गव्हाणेनं कोणालाही न विचारता चिंचवड गाठलं आणि आप्पांना आमंत्रण दिलं, वर एक प्रतही देऊन आला. "गुरुजींसारका पाव्हना दुसरा कुठं घावायचा? बापाच्या हातनं शाल!" मला येऊन सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की मला रागावताच येईना.

वाकीकर मात्र पांढरेफटक पडले. मग स्वतःची समजूत घालत म्हणाले, "शाल घालतील, चार शब्द बोलतील. फ्रेंच कुठं येतं त्यांना?"

सत्काराच्या दिवशी कॅन्टीनमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. आप्पा आले. धोतर, काळा कोट, काळी टोपी, पंचाहत्तरीतही ताठ. शाल झाली, नारळ झाला. मग गव्हाणेनं त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. आप्पा उठले. हातात पुस्तक होतं आणि त्यात खूण म्हणून एसटीचं तिकीट घातलेलं होतं.

"न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मी आयुष्यात कधी बोललो नाही," आप्पा म्हणाले. "मला ही भाषा येत नाही. पण अक्षरं इंग्रजीचीच आहेत, ती मला येतात. काल एकेक पान उलटत होतो. या पानावर मला हिचं नाव दिसलं. मनोहर, तुझ्या आईचं नाव. एवढं एक पान वाचून दाखव, मग बोलतो."

पान एकोणचाळिसावं होतं. वाकीकरांनी कादंबरीत सगळ्यांची नावं बदलली होती, फक्त आईचं बदललं नव्हतं.

मी समोरच बसले होते. वाकीकरांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटलं, आग लागली म्हणून ओरडावं आणि हे सगळं थांबवावं. आप्पा त्यांच्या शेजारी उभे राहिले, चष्मा नाकावर, बोट पानावर. वाकीकर वाचायला लागले.

"आमच्या ओटीवर दुपारी बायकांचा वर्ग भरायचा. माझे वडील शिकवायचे. गोदावरी सगळ्यांना चहा करून द्यायची. वर्ग सुटला, की गोदावरी सगळ्या पाट्या पुसायची आणि एकावर एक रचून कोनाड्यात ठेवायची. कोनाड्यावर ऊन यायचं. अंगणात चिंचेची सावली पडायची." त्यांनी पुस्तक मिटलं.

लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"थांबा," आप्पा म्हणाले. "ओळ गाळलीस."

"नाही, आप्पा."

"हिचं नाव या पानावर तीनदा आहे. मी मोजलंय. तू दोनदा घेतलंस. चाळीस वर्षं पोरांची वाचनं ऐकलीत मी. उघड. परत वाच."

गव्हाणे गोंधळून एकदा बापाकडं, एकदा मुलाकडं बघत होता. वाकीकरांनी पुस्तक उघडलं. सगळ्या जन्मात पहिल्यांदा ते मधे आले होते आणि पकडले गेले होते. मग त्यांनी एक हात मागे नेला, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि सपाट आवाजात वाचलं.

"माझ्या वडिलांनी तीन गावं साक्षर केली. त्यांत गोदावरी नव्हती. कोणी विचारलं तर ते म्हणायचे, तिला कुठं कचेरीत जायचंय? दवाखान्याच्या शेवटच्या कागदावरही तिचा अंगठाच आहे."

गव्हाणेनं मान खाली घातली. त्याच्या आईला सही येत होती.

मी आप्पांकडं बघत होते. मला त्यांचा राग आला, आणि त्याच वेळी धावत जाऊन त्यांना खुर्ची द्यावीशी वाटली. त्यांनी बोट पानावरून काढलं नाही. तिसऱ्यांदा ते नाव जिथं होतं तिथं ते बोट स्थिर होतं. मग ते बोलले, वर्गात बोलावं तसे, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे.

"गावं पाच होती. तीन नव्हेत." त्यांनी बोट उचललं. "बाकीचं बरोबर आहे."

आणि बसले. तेवढंच त्यांचं भाषण. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणालाच कळेना. दुसऱ्या शिफ्टचा भोंगा झाला तरी लोक उठेनात, शेवटी फोरमनलाच लोकांना हाकलावं लागलं. वाकीकर सायकल हातात धरून फाटकाकडं चालले होते, आप्पा बाजूनं, दोघांच्या मधे सायकल. दोघांची चाल अगदी एकसारखी आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

त्यानंतर वाकीकर तीन दिवस आले नाहीत. मला झोप लागेना. गव्हाणे तर रोज माझ्या टेबलापाशी यायचा आणि एकच म्हणायचा, "माझ्यामुळं झालं, ताई. मीच नेलं आमंत्रण." मी त्याला धीर द्यायचे, आणि मनात म्हणायचे, खरंच तुझ्यामुळं झालं, बाबा.

चौथ्या दिवशी सकाळी मी टेबलावर कागद पसरत होते तोच ते आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. खुर्ची ओढली नाही, उभेच राहिले.

"शैलाबाई, कादंबरी संपलेली नाही."

"अहो, आधी सांगा, आप्पा बरे आहेत ना?"

"आप्पांनी सगळी ऐकली. तीन दिवस. सगळी पानं, एकही न गाळता. चाळीस चुका काढल्या. अंतरं, महिने, कोणाची म्हैस कोणती. रागावले दोनदाच. आणि काल दुपारी परत म्हणाले, ते एकोणचाळिसावं घे. मी वाचलं. तर म्हणाले, इथं तुझं एक राहिलंय. तू लहान होतास, तुला माहीत नाही. कागद घे, मी सांगतो."

खिशातून त्यांनी वहीचा घडी घातलेला कागद काढला. मी तो टेबलावर उलगडला. वाकीकरांच्या अक्षरात मराठी लिहिलेलं बाराएक वर्षांत मी पहिल्यांदाच पाहत होते. वाकीकर वाचून दाखवायला लागले आणि दुभाष्याचा आवाज त्यांना सापडेना. मग मीच वाचलं.

"पाट्या पुसण्याआधी ती प्रत्येक पाटी मांडीवर घ्यायची. सगळ्या अक्षरांवरून बोट फिरवायची. मग पुसायची. मी रोज दारातून बघत होतो."